उभ्या गाडीचं इंजिन

सुखदेव मेश्रामनं माझ्याकडे चौदा वर्षं ट्रक चालवला आणि चौदा वर्षांत एकदाही माझ्याशी भाव केला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगतो आहे. मी भावावर जगलेला माणूस. मूल गावाच्या रस्त्यावर पंक्चरच्या टपरीत बसून मी आधी ठिगळाचा भाव केला, मग जुन्या टायरांचा, मग जुन्या गाड्यांचा. समोरचा "जास्त सांगता" म्हणाला की मला त्याचं मन दिसायला लागतं. तो कुठपर्यंत येईल, कुठे अडेल, घरून कोणाला विचारून निघाला आहे, सगळं. सुखदेव एक आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. अशा माणसाच्या मनात शिरायला दारच नसतं. मला तो कळला नाही, आणि त्याचा दोष मी बरीच वर्षं त्यालाच देत आलो.

पहिली भेट चंद्रपूरची. मी नुकतीच पहिली गाडी घेतली होती. तीन मालकांच्या हातून आलेली दहाचाकी, गंज झाकायला वरून हिरवा रंग. ड्रायव्हर हवा होता. कोणीतरी धानोऱ्याकडच्या या माणसाला पाठवलं. चाळिशी ओलांडलेला, उंच, काटक, डोक्याला दुपट्टा आणि अंगात इस्त्रीचा शर्ट. ट्रकच्या ड्रायव्हरनं इस्त्रीचा शर्ट घालून यावं याचा मला तेव्हाच राग आला होता. मी चहा सांगितला आणि पगाराचं बोलणं सुरू केलं. तो म्हणाला, "आधी गाडी पाहू द्या."

गाडीत चढला, चालू केली, पण कुठे नेली नाही. डोळे मिटून बसून राहिला. मला वाटलं झोपला. मग खाली उतरून बॉनेटवर तळवा ठेवला, तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. म्हणाला, "दोन नंबरचा नोझल गळून राह्यला. बाकी गाडी मेहनती हाये." आणि मग आपला पगार सांगितला. मी सवयीनं त्याच्या पाऊण सांगितला. किती वाजले ते कोणी सांगावं आणि आपण मान हलवावी तशी त्यानं मान हलवली, नळावर पाणी प्यायला आणि बस स्टँडकडे चालू लागला. मी पाहत होतो. पानठेल्यापाशी वळून पाहील असा माझा हिशेब होता, कारण सगळे तिथेच वळतात. तो पानठेला ओलांडून गेला. मला उठून हाक मारावी लागली. तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेश नव्हता, त्यामुळे माझी हार आणखी मोठी झाली. म्हणाला, "उद्या नोझल आणून ठेवा."

मी त्याला तोंडावर सुखदेवभाऊ म्हणायचो आणि माघारी तो. इथेही सवयीनं तोच लिहितो आहे. तो मला बंडूभाऊ म्हणायचा. पुढे गाड्या वाढल्या, तसा बाकीच्यांसाठी मी सेठ झालो. त्यानं ती बढती मला कधी दिली नाही.

त्याच्या गाडीची ओळख म्हणजे उजव्या आरशाच्या दांडीला लटकलेली छागल. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. वाऱ्यानं आतलं पाणी गार होतं. आता प्रत्येक ड्रायव्हरजवळ प्लास्टिकच्या बाटल्या असतात, पण त्याची छागल शेवटपर्यंत होती. फाटली की धानोऱ्याच्या आठवडी बाजारात शिवून आणायचा. गाडी थांबली की त्याचा एक ठरलेला क्रम असायचा. इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरायचं. छागलीतल्या पाण्यानं हात धुवायचे, पाय धुवायचे, तोंडावर पाणी मारायचं, तीन घोट प्यायचे. मग पुन्हा वर चढून चावी फिरवून इंजिन बंद करायचं. मी सुरुवातीला जळायचो. तेवढा वेळ डिझेल फुकट जातं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "चढ चढून आलेल्या माणसाले दारातच झोपवते का कोणी? धाप उतरू द्या त्याची." पुढे एका मिस्त्रीनं मला समजावलं की ओझं ओढून तापलेलं इंजिन लगेच बंद केलं तर टर्बो जळतो, तेव्हा थोडं थांबणं बरोबरच. मिस्त्री बरोबर म्हणतो ते मी मानलं. सुखदेवला मात्र सांगायला गेलो नाही.

पण एकदा चावी फिरली की फिरली. रेल्वेचं फाटक असो, वजनकाटा असो, वनखात्याचा नाका असो, त्याची गाडी उभी म्हणजे इंजिन बंद. आजूबाजूला चाळीस गाड्या घुरघुरत असायच्या आणि मध्ये त्याची एक गाडी दगडासारखी गप्प. त्याचं म्हणणं होतं, "उभ्या गाडीचं इंजन चालू ठेवणं म्हंजे घरी जेवाले कोणी नाई अन चूल पेटवून ठेवली." हे वाक्य मी माझ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला माझं म्हणून ऐकवलं आहे.

आमच्याकडे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. तशा दुपारी बहुतेक ड्रायव्हर केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून पंखा लावून पडतात. बंद गाडीत पंखा फार वेळ लावला तर बॅटरी उतरते, आणि जुन्या गाडीचा सेल्फ मग दगा देतो. सुखदेव केबिनमध्ये झोपत नसे. गाडीच्या पोटाखाली, चेसीच्या दोन दांड्यांना खाटेच्या जुन्या नेवारीची झोळी बांधायची, दुपट्टा ओला करून तोंडावर घ्यायचा आणि तिथे लोंबकळत झोपायचं. वर दहा-बारा टन माल, खाली वीतभर हवा आणि मध्ये हा. मला पाहूनच धडकी भरायची. तो म्हणायचा, "इंजनवर झोपणारा माणूस तव्यावर झोपते. खाली वारा हाये."

दसऱ्याचा आमचा दरवर्षीचा तंटा. त्या दिवशी मी गाड्यांची पूजा करतो, लिंबू, नारळ, झेंडूच्या माळा. आणि नेमका त्याच दिवशी सुखदेव पांढरे कपडे घालून नागपूरला जायचा. पूजा गाडीची आणि ड्रायव्हर गैरहजर, हे मला अपशकुनासारखं वाटायचं. एकदा तसं बोललोही. त्यानं वाद घातला नाही. आदल्या दिवशी त्यानं गाडी अशी धुतली की चाकांच्या नटांत तोंड दिसावं. म्हणाला, "माह्यी पूजा झाली. उद्या तुमची करा." दुसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या गाड्यांत फुलं न घालताही सजलेली दिसत होती ती एकच.

उन्हाळ्यात गावाकडून येताना तो चारं आणायचा, पळसाच्या पानांच्या द्रोणात. जंगलातली ती काळी, आंबटगोड फळं माझ्या बायकोला फार आवडतात. द्रोण दाराशी ठेवायचा, "बाईले द्या" म्हणायचा आणि घरात न येता जायचा. त्याचे पैसे विचारायची माझी एकदाच हिंमत झाली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलून टायरांवर गेलो.

वाघिणीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी बऱ्याचदा त्याच्या शेजारी केबिनमध्ये असायचो. मूलहून तांदळाची पोती भरून आम्ही पहाटेच निघालो होतो. गोदाम दुपारच्या आत गाठायचं होतं, नाहीतर उतरवणारे हमाल दुसऱ्या गाडीला लागले असते. जंगलात शिरलो आणि रस्त्याच्या मधोमध वाघीण उभी. आमचं इंजिन घुरघुरत होतं आणि तीही शेपटी आपटत होती. चार मिनिटांत वैतागून निघून गेली असती, हे माझं आजही म्हणणं आहे. सुखदेवनं इंजिन बंद केलं. जंगल एकदम एवढं शांत झालं की पोत्यांतला तांदूळ बसल्याचा आवाज आला. वाघिणीनं कान हलवले, मग पुढचे पाय लांब केले आणि रस्त्यावरच बसली. मग आडवी झाली.

मी कुजबुजत शिव्या देत होतो. हॉर्न मारा म्हणालो, चालू करा म्हणालो, गोदाम बंद होईल म्हणालो. तो स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होता. "ती बी रातपाळी करून आली, बंडूभाऊ. बसू द्या." पुरता तासभर ती बसली. आम्हाला गोदामाशी एक दिवस पडून राहावं लागलं. त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तो तसाही दिवसाला पाच-सहाच वाक्यं बोलायचा.

हळूहळू माझ्या सात गाड्या झाल्या. गडचिरोलीच्या आतल्या जंगलातून लोखंडाचा दगड भरायचा आणि चंद्रपूरकडे आणून उतरवायचा, असं काम मिळालं. सहा गाड्या जुन्या होत्या. सातवी नवी कोरी, एसीच्या केबिनची. ती मी सुखदेवला दिली. त्यानं मागितली नव्हती. तो सगळ्यांत जुना म्हणून दिली आणि ते मी भेटेल त्याला सांगत सुटलो. त्यानं एसीच्या जाळीपुढे तळवा धरला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि विचारलं, "बंद कशी होते?"

त्याच सुमारास मी सातही गाड्यांना जीपीएसचं यंत्र बसवलं. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, उभी असताना इंजिन किती वेळ चालू होतं, सगळं मोबाइलवर दिसतं. उभ्या गाडीचं इंजिन चालू असेल तेवढा वेळ लाल पट्टी. मला त्या लाल पट्टीचा नाद लागला. जेवताना पाहायचो, लग्नात पाहायचो. बायको म्हणायची, पोरांचे निकाल एवढे पाहिले नाहीत. त्याबरोबर मी एक नियमही केला होता. कोणत्याही ड्रायव्हरनं आपली गाडी सोडून दुसरीकडे झोपायचं नाही. रांगेत उभ्या गाड्यांमधलं डिझेल आणि बॅटऱ्या चोरीला जायच्या म्हणून. दोघांना मी त्यासाठी कामावरून काढलंही होतं.

एप्रिल लागताच लाल पट्टी दिसायला लागली. सुखदेवच्या गाडीची. रोज दुपारी, भरायच्या ठिकाणच्या रांगेत, अडीच तास, कधी तीन. मी पहिल्या दिवशी यंत्रावर संशय घेतला. महिनाभर तेच. मग माझ्या डोक्यानं नेहमीचा रस्ता धरला. आयुष्यभर चूल आणि तवा सांगणाऱ्या माणसाला गार हवा लागली. म्हातारपणी चटक लागली. मला त्या डिझेलपेक्षाही जास्त झोंबलं ते हे, की मी ज्याचं वाक्य सगळ्यांना ऐकवत होतो तोच खोटा निघाला. मी बाकीच्या सहा गाड्यांचं पान उघडलंच नाही. लाल दिसत होतं तिथेच माझा डोळा अडकला. टपरीवर असतो तर असं केलं नसतं. एका टायरात हवा कमी दिसली तर मी चारही टायर दाबून पाहतो.

सकाळी जीप काढून मी थेट रांगेवर गेलो. दहा वाजले असतील. रांग अजून सरकली नव्हती आणि सगळे ड्रायव्हर चहाच्या टपरीभोवती होते, माझे सात आणि परक्या मालकांचे वीस-पंचवीस. सुखदेवच्या हातात चहाचा ग्लास होता. मी त्याच्यापुढे मोबाइल धरला.

"हे काय हाये?"

त्यानं पाहिलं. "गाडी चालू होती."

"कोणाच्या डिझेलवर? एसीत झोपाची सवय लागली का आता? तुले गाडी दिली ती काम कराले दिली, हवा खाले नाई."

चौदा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा तू म्हणालो होतो. टपरीवाल्यानं स्टोव्हची हवा कमी केली. आमच्यातला राजन्ना, सिरोंच्याचा, माझ्याकडे सहा वर्षं होता, तो काहीतरी बोलायला पुढे झाला. सुखदेवनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि राजन्ना मागे सरला. त्या नजरेचा अर्थ मी तेव्हा माझ्या मनासारखा लावला. हे सगळे मिळालेले आहेत, असा.

सुखदेवनं ग्लास खाली ठेवला. "एका गाडीचं पाहू नका. साऱ्या गाड्यायचं पाहा, मंग बोला."

एवढंच. चौदा वर्षांत त्यानं मला दिलेला हा एकच सल्ला, आणि तो मोबाइल तर माझ्या हातातच होता. एक बोट फिरवायचं काम. मी म्हणालो, "मले धंदा नको शिकवू." आणि तिथल्या तिथे मिस्त्री बोलावून एसीचा पट्टा काढून घेतला. तो पट्टा हातात धरून मी जीपमध्ये बसलो, साप मारून निघाल्यासारखा.

त्यानं ती खेप पुरी केली. माल उतरवून तिसऱ्या दिवशी गाडी माझ्या अंगणात आणून लावली. मी ओसरीतून पाहत होतो. इंजिन तसंच चालू ठेवून उतरला. हात धुतले, पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं, तीन घोट प्यायला. वर चढून चावी फिरवली. मग आरशाच्या दांडीवरून छागल सोडली, झोळी गुंडाळून काखेत घेतली आणि चावी माझ्यापुढे ठेवली. "येतो, सेठ," म्हणाला.

मी थांबवलं नाही. पानठेल्यापाशी वळून पाहील, असं मला त्या दिवशीही वाटलं होतं.

पुढचा दीड महिना मी त्याच्या नावानं बोटं मोडली. गरज नव्हती, दुसरे पुष्कळ मिळतात, म्हातारे ड्रायव्हर डोक्यावर बसतात, वगैरे. डिझेल मात्र एकदम जास्त जायला लागलं. मला वाटलं उन्हाळा आहे. मग एके दिवशी दुपारी राजन्नाची गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडांत घुसली. त्याला डुलकी लागली होती. माणूस वाचला, गळ्याजवळचं हाड मोडलं. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलो तो रागातच. रांगेत चार-पाच तास उभं राहता तेव्हा झोपायला काय होतं, असं त्याला विचारलं.

राजन्ना पडल्या पडल्या छताकडे पाहत होता. म्हणाला, "झोपत होतो ना, सेठ. भाऊ होते तवा रोज झोपत होतो."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. मराठी त्याची तेलुगू वळणाची, बोलताना हाड दुखत होतं, पण थांबला नाही.

रांगेत गाडी हात-दोन हात सरकते म्हणून कोणी इंजिन बंद करत नाही. जुन्या गाड्यांचे सेल्फ कमजोर, पंखाही हवा. सुखदेवनं माझ्या सातही गाड्या रांगेत एकामागे एक लावायला सुरुवात केली. समोरची गाडी सरकली की सरकायचं नाही. सात-आठ गाड्यांची जागा मोकळी झाली की सगळ्यांनी एकदाच चालू करायचं, एकदाच सरकायचं आणि पुन्हा बंद. मधल्या जागेत परका घुसू नये म्हणून रस्त्यावर पळसाची फांदी टाकून ठेवायची. रांगेतल्या लोकांनी ती फांदी मानली, कारण ती त्यानं टाकली होती. आणि दुपारी फक्त एका गाडीचं इंजिन चालू ठेवायचं, एसीच्या. त्या केबिनमध्ये दोघा-दोघांनी पाळीनं तास-तास झोपायचं. बाकीच्यांनी खाली सावलीत बसून सातही गाड्यांवर नजर ठेवायची. त्यामुळे त्या महिन्यात बॅटरी किंवा डिझेल काही चोरीला गेलं नव्हतं.

"भाऊ म्हणत, चूल एकच पेटवाची. साऱ्यायनं तिथंच जेवाचं."

मी विचारलं, "अन तो स्वतः?"

"भाऊ? ते झोळीत. एसीत एकदाबी नाई झोपले. त्यायले सर्दी होते म्हणे."

मी म्हणालो, मग हे त्या दिवशी टपरीवर सांगायला काय झालं होतं. राजन्नानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गाडी सोडून झोपलं तर काढतो, असं तुमीच बोल्ले होते ना, सेठ. भाऊनं सांगतलं असतं तर आमी सहाजण गेलो असतो."

दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाइल उघडला. एप्रिल काढला. सातही गाड्या एकाखाली एक लावल्या. सुखदेवच्या गाडीवर लाल पट्टी होती, आणि बाकीच्या सहांवर रोज दुपारी लाल असायचं तिथे काहीच नव्हतं. सातांचं मिळून जेवढं डिझेल त्या महिन्यात उभ्या उभ्या जळलं, त्याहून कमी कधीच जळलं नव्हतं. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहाही गाड्या पुन्हा लाल.

त्याच आठवड्यात मी सगळ्या गाड्या त्याच्या पद्धतीनं लावायला सांगितल्या आणि नियम रद्द केला. एसीचा पट्टा चढवला. जमलं नाही. फांदी कोणी मानेना. कोणी आधी झोपायचं यावरून भांडणं झाली. पद्धत मला कळली होती, पण ती चालवायला जो माणूस लागतो तो माझ्याजवळ नव्हता.

तेव्हा तरी मी स्वतः धानोऱ्याला जायला हवं होतं. मी माणूस पाठवला. निरोप दिला की गाडी उभी आहे, एसी चालू आहे, या. उत्तर आलं, "सांगा, जमत नाई." मग माझा राग पुन्हा चढला. मी निरोप पाठवला तो काही कमी होता का? दोन वाक्यं जास्त बोलला असता तर हे झालंच नसतं. त्या सहाजणांना मी खरंच काढलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारला आहे, आणि उत्तर येईपर्यंत विषय बदलला आहे. पुढच्या उन्हाळ्यात बायकोनं विचारलं, "यंदा चारं नाही आली?" मी म्हणालो, यंदा जंगलात फळ धरलं नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात मी मूलकडून येत होतो. स्वतःची कार, मागच्या सीटवर मी, एसी चालू. गाडीत बसलो की जोडे काढून टाकायची मला टपरीपासूनची सवय आहे. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. पुढे तीन गाड्या सोडून एक ट्रक उभा होता, कोणा परक्या मालकाचा, आणि त्याच्या उजव्या आरशाला छागल लटकत होती. सगळी रांग घुरघुरत होती. तो ट्रक गप्प होता.

मी माझ्या ड्रायव्हरला इंजिन बंद कर म्हणालो. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, ऊन लागलं की काय अशा नजरेनं. मी दार उघडून निघालो. पन्नास-साठ पावलं होती. वर्षभर मी मनात एक वाक्य घोळवत होतो, साधं, चार शब्दांचं. सुखदेवभाऊ, माझं चुकलं होतं. चालताना ते मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

खिडकीखाली पोचलो. तो थोडा वाळला होता. शर्ट इस्त्रीचाच होता.

"सुखदेवभाऊ."

त्यानं खाली पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "सव्वापट देतो. गाडी तुमचीच हाये."

मला स्वतःलाच ऐकू आलं ते. तो माझ्या पायांकडेच पाहत होता. आणि समोरचा बोलत नाही म्हटल्यावर माझी जीभ तिच्या जुन्या रस्त्यानं आपोआप गेली. "बरं, दीडपट." त्यानं कमी-जास्त काही म्हटलं नव्हतं. मीच मला चढवत होतो. माफी मागायला आलो होतो आणि माझ्या तोंडून भाव निघत होता, कारण दुसरं काही बोलायची सवयच नव्हती मला. मालगाडी धडधडत गेली तोपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

त्यानं हात बाहेर काढून दांडीवरची छागल सोडली.

"पाय पोळून राह्यले तुमचे, बंडूभाऊ," म्हणाला.

तेव्हा मला कळलं की मी अनवाणी आलो होतो. त्यानं खिडकीतून वाकून छागल तिरपी केली आणि सगळं पाणी माझ्या पायांवर सोडलं. गार पाणी. डांबरातून वाफ निघाली. बोललो असतो तर पुन्हा आकडाच निघाला असता.

फाटक उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले. त्यानं घाई केली नाही. पुढच्या गाड्या निघून रस्ता पुरता मोकळा होईपर्यंत थांबला, मग चावी फिरवली. "सरका बाजूले," म्हणाला, मायेनं म्हणाला की नुसतं म्हणाला हे मला अजून ठरवता येत नाही. ट्रक गेला. आरशाला रिकामी छागल हलत होती.

मी पायाखालच्या ओल्या डांबरावर उभा राहिलो, माझा ड्रायव्हर गाडी घेऊन येईपर्यंत. तो येईस्तोवर ते वाळलं होतं, आणि पाय पुन्हा पोळायला लागले होते.